बोलणं बंद, बघणं चालू

समोरच्यांशी आमचं बोलणं तीन वर्षं बंद आहे. निमित्त चपलांच्या कपाटाचं. त्यांचं कपाट दर आठवड्याला बोटभर आमच्या दाराकडे सरकायचं. एके दिवशी मी ते पायाने ढकलून परत जागेवर नेलं आणि नेमकं त्याच क्षणी त्यांनी दार उघडलं. माझा पाय अजून कपाटावरच होता. त्या दिवसापासून एक अक्षर नाही.

मला वाटलं, चला, सुटलो. पण बोलत होते तेव्हा त्यांना आमच्याबद्दल जेवढं ठाऊक होतं, त्याच्या दसपट आता ठाऊक आहे. तेव्हा निदान विचारावं तरी लागायचं, आणि विचारलं की मला थाप मारता यायची. आता मधला मीच गळलो.

त्यांची पहिली लेखी तक्रार सेक्रेटरींनी मला दाखवली. ‘रात्री ११.४० : खुर्ची ओढल्याचा आवाज. ११.४२ : पुन्हा तोच. ११.४५ : माफी मागितल्याचा आवाज.’ माफी मी बायकोची मागितली होती. कशाबद्दल, ते तक्रारीत नव्हतं. पण त्यांना माहीत असणार. मला अजून नीटसं कळलेलं नाही.

मग मी दाराखालच्या फटीत जुन्या चादरीची वळकटी कोंबली. फट बुजली की बारीक आवाज दारातच अडतो, पण खर्जातला आवाज दार-भिंतींना फारसा जुमानत नाही. माझा आवाज घोगरा, हिचा बारीक. परिणाम असा, की आमच्या भांडणातली फक्त माझी बाजू पलीकडे पोचू लागली. पुढच्या तक्रारीत मी ‘एकटाच स्वतःशी ओरडतो’ अशी नोंद झाली आणि सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन, सध्या झोप बरी लागते ना, असं हळूच विचारलं.

त्यांच्या दारातल्या पीपहोलचं तर मी शास्त्रच करून ठेवलं होतं. ते भिंग आतून बाहेर बघायला केलेलं. बाहेरून फक्त एक उजेडाचा ठिपका दिसतो. पण आतून कुणी डोळा लावला की तो ठिपका विझतो. मी कुलूप लावायला वाकलो की ठिपका विझायचा, सरळ झालो की विझलेलाच, जिना उतरायला लागलो की पुन्हा लागायचा. इतकी शिस्त मी वाहतुकीच्या सिग्नलमध्येही पाहिलेली नाही. एकदा मी त्या ठिपक्याकडे बघून हात हलवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दारामागचा दिवाच घालवून टाकला. आता ठिपका कायमचा काळा. बघतायत की नाहीत, कळायला मार्ग नाही.

१७९१ साली बेंथम नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने एका गोल तुरुंगाची कल्पना छापून प्रसिद्ध केली होती. मध्ये पहारेकऱ्याची जागा, भोवती कोठड्या, आणि आपल्यावर या क्षणी नजर आहे की नाही हे कैद्याला कळता कामा नये. मग तो आपला आपणच नीट वागतो. बेंथमला त्यासाठी अख्खी इमारत लागत होती, समोरच्यांनी एका बटणात काम भागवलं. आणि मी खरंच नीट वागायला लागलो. कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवताना शर्टाची बटणं लावू लागलो. बायकोने हे सुधारणा म्हणून नोंदवलं.

पण खरी लढाई झाली ती स्वयंपाकघराच्या खिडकीवर. ही खिडकी पॅसेजमध्ये उघडते. असं का, हे इमारत बांधणाऱ्यालाच माहीत. आधी तिला पातळ पडदा होता. पातळ पडद्याची इमानदारी उजेडाशी असते. ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू तो दुसरीकडच्यांना दाखवून टाकतो. आमचा पॅसेज भर दुपारीही अंधारा आणि स्वयंपाकघरात दिवा, म्हणजे पडद्यावर आमचा छायाखेळ चालू. म्हणून पदरमोड करून दुधी काच बसवली. सुताराने तिची खरखरीत बाजू बाहेर आणि गुळगुळीत बाजू आत ठेवली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आठवड्याभराने काचेवर बाहेरून बोटभर लांबीची सेलोटेप दिसली. पोरांचा चाळा म्हणून दुर्लक्ष केलं. संध्याकाळी आत भांडी विसळत होतो. सहज वर पाहिलं, तर सगळी काच धूसर आणि मधोमध एक स्वच्छ पट्टी. पट्टीत चष्म्याची दांडी. चष्म्यात डोळा.

मी तसाच ओल्या हाताने बाहेर धावलो. पॅसेज रिकामा, समोरचं दार मात्र नुकतंच लागल्याचा आवाज. मग मी काचेपाशी उभं राहून बोटाने चाचपून पाहिलं. दुधी काच दुधी असते ती तिच्या खरखरीतपणामुळे. त्या बारीक खड्ड्यांवर उजेड वाटेल तसा विखुरतो. वर टेप दाबून बसवली की तिचा गोंद खड्डे भरून काढतो आणि तेवढी काच पुन्हा पारदर्शक होते. मला मनातून त्यांच्याबद्दल आदर वाटला. नुसत्या खुन्नसपायी माणूस एवढं शिकत नाही, त्याला विषयाची ओढ लागते.

सेक्रेटरींमार्फत विचारणा केली. उत्तर आलं, ‘काच तडकल्यासारखी वाटली, म्हणून शेजारधर्माने चिकटवली.’

मी टेप खरवडून काढली. सकाळी नवी. पुन्हा काढली. पुन्हा नवी, आणि या वेळी किंचित रुंद. सुतार काच उलटी करून द्यायला रोज ‘उद्या’ येत होता. मी सेक्रेटरींना अर्ज दिला. त्यात मानवी हक्कांच्या १९४८च्या जागतिक जाहीरनाम्यातलं बारावं कलम घातलं : कुणाच्याही खाजगी जीवनात, कुटुंबात, घरात, पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ होता कामा नये. सेक्रेटरींनी अर्ज दोनदा वाचला. ‘यात पॅसेजचा उल्लेख कुठे आहे?’ म्हणाले.

शेवटी मीच एक चिठ्ठी लिहिली. कागदाचा नखाएवढा तुकडा, त्यावर मुंगीएवढ्या अक्षरात : ‘दिसतंय ना नीट? की काच पुसून देऊ?’ आणि आतून, टेपच्या अर्ध्या भागामागे चिकटवून टाकली.

तिसऱ्या दिवशी तक्रार हजर. ‘स्वयंपाकघराच्या खिडकीत माझ्या मनाला क्लेश होईल असा मजकूर लावण्यात आला आहे.’

मला इतका आनंद झाला की विचारू नका. हातात सापडला म्हणतात तो हा! मी सेक्रेटरींना जवळजवळ ओढतच आणलं. म्हटलं, ‘तुम्हीच बघा. ही अक्षरं वाचायची तर नाक काचेला टेकवावं लागतं. म्हणजे यांनी टेकवलं होतं की नाही?’

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकले आणि नाक काचेला टेकवलं. मागे समोरचं दार फटीएवढं उघडलं. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उभे.

‘आहे खरं, मजकूर आहे,’ सेक्रेटरी म्हणाले. मग डोळा टेपच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे सरकवला आणि तिथेच थांबले. ‘अरेच्चा! आतलं सगळंच दिसतं की हो इथून.’

‘जरा उजवीकडून बघा,’ दाराच्या फटीतून आवाज आला. ‘टेबलसुद्धा येतं.’

सेक्रेटरी उजवीकडे सरकले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मी घसा खाकरला.

‘अहो,’ काचेवरचं नाक न काढता सेक्रेटरी म्हणाले, ‘तुमचं गॅसवर काहीतरी उतू जातंय.’

‘जाणारच,’ समोरचे म्हणाले. ‘सात दहाला ठेवलंय त्यांनी.’