एखादा चांगला गेम सुचव ना!

"एखादा चांगला गेम सुचव ना," असं कुणी म्हटलं की शहाण्या माणसाने "सवडीने सांगतो" म्हणून सटकावं. मला ते जमत नाही. मी लगेच विचारतो, "कसला हवा?" त्यावर "कसलाही चालेल" असं उत्तर येतं आणि तिथून माझे हाल सुरू होतात. कसलाही चालणाऱ्या माणसाला काय काय चालत नाही, हे त्याला स्वतःलाही माझ्याकडूनच कळायचं असतं. त्यात माझ्या पोतडीत माल एकाच प्रकारचा.

तो प्रकार म्हणजे व्हिडिओ गेममधला चौकटीतला डंजन क्रॉलर. जमिनीखाली भुयार, भुयाराची जमीन चौकोनी घरांत आखलेली, आणि तुमची चार-सहा जणांची टोळी त्यातून एकेक घर सरकते. एक कळ दाबली की पाऊल पुढे, दुसरी दाबली की काटकोनात वळण. समोर भिंत. पुन्हा वळण. पुन्हा भिंत; पण ही निराळी भिंत, हे फक्त मुरलेल्या माणसाला कळतं. तिरकं जायची सोय नाही. बुद्धिबळातला उंट इथे आला तर जन्मभर पहिल्याच घरात उभा राहील.

एवढं ऐकून जो पळत नाही, तो अटी घालतो. एकाला टोळी सांभाळायची नसते, ते तो दिवसभर पगार घेऊन करतो. त्याला मी 2017चा 'व्हेपोरम' देतो: वाफेवर चालणाऱ्या यंत्रांचा मनोरा आणि तुम्ही एकटे. दुसऱ्याला गोष्ट हवी असते. त्याच्यासाठी 2019चा 'ऑपेरेन्शिया', हंगेरियन लोककथांवर बेतलेला. तिसऱ्याला वेळ कमी असतो. तिसऱ्याला मी काही देत नाही.

नवख्या माणसाला मी डोळे मिटून 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक' सांगतो. 2012 साली फिनलंडमधल्या ऑलमोस्ट ह्यूमन नावाच्या छोट्याशा कंपनीने तो काढला, तेव्हा हा प्रकार बाजारातून जवळजवळ उठलाच होता. चार कैद्यांना डोंगराच्या माथ्यावरून आत ढकलून देतात, जिवंत बाहेर पडलात तर गुन्हे माफ. इतकीच गोष्ट. दिसायला देखणा, नकाशा आपोआप निघतो, आणि ज्यांना ते पचत नाही त्यांच्यासाठी नकाशा काढून घेणारी 'ओल्ड स्कूल' सोयही आहे. (तिला सोय म्हणणारे आम्ही मोजकेच.) सुचवायला यापेक्षा निर्धोक गेम नाही, या समजुतीने मी तो भाच्याला सुचवला.

त्याच रात्री फोन आला. "मामा, गोगलगाईने मारलं."

"समोर उभा राहून मारामारी केलीस ना?"

"मग काय तिच्या पाठीमागे लपू?"

तर हो. ग्रिमरॉकमध्ये शत्रू आपल्या पाळीची वाट बघत नाही, पण त्यालाही चौकटीनेच चालावं लागतं आणि वळायला वेळ लागतो. म्हणून दोन बाय दोनची मोकळी जागा गाठायची. हाणायचं, एक घर बाजूला सरकायचं, वळायचं, तो वळेपर्यंत पुन्हा हाणायचं. मी हे फोनवर "डावीकडे, वळ, मार, डावीकडे, वळ, मार" असं समजावत असताना बायको दारात येऊन उभी राहिली आणि मुकाट्याने परत गेली. भाच्याने मात्र ते झटकन उचललं. दुसऱ्या दिवशी त्याने गोगलगाय मारली, तिचा तुकडा उचलला आणि कैद्याला भूक लागल्यावर तोच खायला घातला. मला पोरगा हाताशी आल्यासारखं वाटलं.

खरा छळ पुढे आहे. या भुयारांत भिंतीवर कुठेतरी एक गुप्त कळ असते. दगडात दगड, चिऱ्यात चिरा. एकच चिरा बाकीच्यांहून जरासा निराळा. तो दाबला की भिंत सरकत खाली जाते आणि मागे खजिना. शोधून सापडला तर आनंद गगनात मावत नाही, आणि कुणी सांगितला तर आनंद शून्य. म्हणजे सुचवणाऱ्याला उत्तर माहीत असून सांगता येत नाही.

"मामा, पुढे रस्ताच नाही."

"भिंतीकडे नीट बघ."

"कुठल्या?"

"सगळ्याच."

"मामा, तुम्ही सांगणार आहात की मी आईला फोन देऊ?"

ताईशी या विषयावर बोलायची माझी तयारी नव्हती. मी सांगितलं, "पूर्वेकडची." हे अर्धंच सांगणं होतं, पण त्यासाठीही मला पाणी प्यावं लागलं.

ग्रिमरॉक संपवल्यावर त्याने विचारलं, असं आणखी काय आहे? मग मी त्याला ग्रिमरॉकच्या आजोबांकडे नेलं. 1987 साली एफटीएल या कंपनीने अटारी एसटी संगणकासाठी केलेला 'डंजन मास्टर'. सुरुवातीला एका दालनात चोवीस आरसे, प्रत्येकात एक वीर अडकलेला, त्यातले चार निवडायचे. माझ्या मते या प्रकारातला सगळ्यात हुशार गेम अजूनही हाच. राक्षस दाराखाली आला की वरून दार सोडायचं, ते त्याच्या डोक्यावर आदळतं, पुन्हा वर जातं, पुन्हा आदळतं. तुम्ही कळ धरून लांब उभे. आणि यात माणूस जे करतो त्यातच तरबेज होतो, त्यामुळे फेकण्यात पारंगत व्हायचं तर फेकत राहायचं. भाच्याने एक अख्खी संध्याकाळ समोरच्या भिंतीवर खंजीर फेकण्यात घालवली. फेकायचा, चार पावलं जाऊन उचलायचा, परत यायचं, फेकायचा. ताईने फोनवर मला एवढंच विचारलं, "याला तू सांगितलंस का रे हे?"

इथे एक धोका सांगून ठेवतो. डंजन मास्टरचं नाव काढलं की कुठून तरी एक जाणकार उगवतो आणि म्हणतो, "पण खरा गेम पाळीपाळीचाच, आधी आपण, मग राक्षस. घड्याळ लावलं तिथेच बिघडलं." लगेच दुसरा उगवतो. दोघांचं जुंपतं आणि ज्याने गेम विचारलेला असतो तो तेवढ्यात निघून जातो. मी या भांडणात पडत नाही. फक्त घड्याळवाल्या पंथाच्या माणसाला त्याच्याच पंथातल्या 1991च्या 'आय ऑफ द बिहोल्डर'ची आठवण करून देतो. वॉटरडीप शहराच्या गटारांत शिरून, हाताने नकाशे काढून, तळाच्या बहुडोळी राक्षसाला मारलं, की डॉस या जुन्या संगणक प्रणालीवरच्या मूळ आवृत्तीत चार ओळींचं अभिनंदन येतं आणि गेम तुम्हाला सरळ डॉसच्या काळ्या पडद्यावर आणून सोडतो. फटाके नाहीत, वाजंत्री नाही. कामावरून काढलेल्या माणसालासुद्धा याहून मोठं पत्र देतात.

सुचवून पस्तावलो असं मात्र एका मैत्रिणीच्या बाबतीत झालं नाही. पस्तावले ते तिच्या घरचे. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून मी तिला 'इट्रियन ओडिसी' सांगितला. ॲटलस कंपनीचा हा गेम 2007 साली निन्टेन्डो डीएसवर आला. त्या यंत्राला पडदे दोन, वरच्यात जंगल आणि खालच्यात कोरी चौकट. लेखणीने भिंती तुम्ही ओढायच्या, दारांची चिन्हं तुम्ही ठेवायची. एफओई नावाचे आडदांड राक्षस नकाशावर गोळ्यासारखे दिसतात, आणि तुम्ही एक पाऊल टाकलं की तेही टाकतात, त्यामुळे त्यांना चुकवायचं तर पावलांचं गणित आधी मांडावं लागतं. पहिले तीन भाग 2023 साली निन्टेन्डोच्याच स्विच नावाच्या यंत्रावर आणि संगणकावर नव्याने आले, तेव्हा तिने घेतला.

काही आठवड्यांनी मी विचारलं, "कितव्या मजल्यावर?"

"पहिल्या."

"अजून?"

"एक घर रंगवायचं राहिलंय. तिथे जायचा रस्ता सापडत नाहीये."

मी म्हणालो, तिथे बहुधा नुसता दगड असेल, सोडून दे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत गेलो. राक्षसांशी तिचं वैर नाहीच. ते नकाशात लुडबुड करतात एवढीच तिची तक्रार आहे.

राहिला 'विझर्ड्री'. हा मी सहसा कुणाला सुचवत नाही. पण ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, "सोपं काही नको, मुळातलं दे," आणि माझा तोल गेला. 1981 साली अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी ॲपल टू संगणकासाठी हा लिहिला. गेममधल्या दुष्ट मांत्रिकाचं आणि वेड्या राजाचं नाव म्हणजे या दोघांचीच नावं इंग्रजी अक्षरांत उलटी फिरवलेली. दहा मजले, प्रत्येक मजला वीस बाय वीस घरांचा.

"नकाशा आलेखाच्या कागदावर आपण काढायचा," मी म्हणालो.

"गेममध्ये नाही?"

"नाही ना!"

"आणि मेलो तर?"

"देवळात पैसे भरून जिवंत करता येतं. फसलं तर राख होते. राखेचे वेगळे पैसे. तेही फसलं तर माणूस कायमचा गेला."

"पैसे?"

"ते देवळाचे."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भारी आहे."

त्याला गोल फिरवणाऱ्या फरश्यांबद्दल मी सांगितलं नाही. काही घरांवर पाय पडला की गेम तुम्हाला गुपचूप दुसऱ्या दिशेला वळवतो. आवाज नाही, सूचना नाही. तुम्ही उत्तरेला चाललोय समजून पश्चिमेचा नकाशा काढत राहता, आणि दोन तासांनी कागदावर एक भिंत दुसऱ्या भिंतीतून आरपार गेलेली दिसते. त्याच्यावर 'ड्यूमापिक' नावाचा मंत्र आहे, तो आपण कुठे आहोत ते सांगतो. सहकाऱ्याने तो स्वतःच शोधला. डब्याच्या सुट्टीत तो जेवणाऐवजी खोडरबर घेऊन बसू लागला. टोळीला त्याने आमच्याच विभागातली नावं दिली होती. साहेब पुढच्या रांगेत ढाल घेऊन, आणि मी सगळ्यात मागे. मी चोर होतो. त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "भिंतींची माहिती आहे ना तुला."

पुढे त्याचा मांत्रिक 'मॅलोर'पर्यंत पोचला. हा मंत्र टोळीला उचलून दुसरीकडे नेतो. पूर्वेला किती घरं, उत्तरेला किती, खाली किती मजले, हे आकडे आपण द्यायचे. आकडा चुकला आणि नकाशाच्या हद्दीबाहेर गेलात, तर टोळी सगळ्या सामानासकट खडकात. तिथून प्रेतंही आणता येत नाहीत. हे मी त्याला सांगणार होतो, पण त्या आठवड्यात त्याची घोडदौड बघवत नव्हती, इतकी सुंदर चालली होती.

रात्री उशिरा त्याचा मेसेज आला: "आपण सगळे खडकात."

मी लिहिलं, "साहेबसुद्धा?"

"साहेबसुद्धा. नवी टोळी बनवतोय. या वेळी अकाउंट्समधले घेतो, त्यांना मोजता तरी येतं."