अडीचशे ग्रॅमचा जप पुरे, जरा वेग आणि वॅट बघा

आमच्या एफपीव्हीवाल्यांच्या, म्हणजे गॉगल लावून ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघत उडवणाऱ्यांच्या, ग्रुपवर दर काही दिवसांनी एक प्रश्न येतोच. "अडीच वॅटचा व्हीटीएक्स घेऊ का? आणि ड्रोन २४९ ग्रॅममध्ये बसवला की काही लागत नाही ना?" (व्हीटीएक्स म्हणजे ड्रोनवरून गॉगलकडे चित्र पाठवणारा ट्रान्समीटर.) खाली लगेच "घे रे भावा, बिनधास्त" अशी रांग लागते. तिथे लिहून लिहून कंटाळलो, म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी वजनाचं बघू. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा 'मायक्रो'. नॅनो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोलाही, धंद्यासाठी उडवत नसाल तर, लागत नाही. सवलत चांगली आहे, मला तिच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या आकड्याची आपल्याकडे पूजा सुरू झाली आहे. लोक स्क्रूऐवजी नायलॉनचे बोल्ट लावतात, बॅटरीचा पट्टा कापतात, काटा २४९ वर आला की फोटो टाकतात. तो ड्रोन किती वेगात जातो, हे कोणी विचारतच नाही.

गंमत म्हणजे सरकारने हे एकदा विचारलं होतं. मार्च २०२१ मध्ये आलेल्या आधीच्या नियमांत नॅनोला वेगाची अट होती. सरळ उड्डाणात सेकंदाला १५ मीटरपेक्षा जास्त वेग गाठणारा ड्रोन वजनाने कितीही हलका असला तरी वरच्या वर्गात मोजला जायचा. उंचीला १५ मीटर आणि पल्ल्याला १०० मीटर अशीही मर्यादा होती. म्हणजे नारळाच्या झाडापेक्षा वर गेलात की नॅनोपण संपलं. त्यावर ओरड झाली आणि ती रास्तच होती. ऑगस्टमध्ये नवे नियम आले, त्यात हे सगळं काढून टाकलं. उंची आणि पल्ल्याची अट गेली ते उत्तम झालं. वेगाची अटही त्यांच्याबरोबर गेली, ते मात्र मला पटलेलं नाही.

का, ते सांगतो. नववीच्या विज्ञानातलं गतिज ऊर्जेचं सूत्र आठवा. वस्तुमान एकदाच येतं, वेग मात्र वर्ग होऊन येतो. २४९ ग्रॅमचा ड्रोन सेकंदाला १५ मीटरने, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरने आदळला तर ऊर्जा साधारण २८ ज्यूल. तोच ड्रोन सेकंदाला ३० मीटरने आला तर ११२ ज्यूल. वजन तेच, वर्ग तोच, नियम तोच, मार मात्र चौपट. आपला नेहमीचा पाच इंची पात्यांचा फ्रीस्टाइल, म्हणजे कसरतीचा, क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) बॅटरीसकट ७०० ग्रॅम धरा आणि वेग सेकंदाला ४० मीटर धरा. ५६० ज्यूल होतात. हा वेग काही फार नाही, सिक्स-एस, म्हणजे सहा सेलच्या, बॅटरीवर नवशिक्याचाही क्वाड तिथे पोचतो. दक्षिण आफ्रिकेतल्या ल्यूक बेल आणि त्यांच्या वडिलांनी २०२४ मध्ये घरी बनवलेल्या क्वाडने ताशी ४८० किलोमीटर गाठून गिनेस विक्रम केला होता. म्हणजे घरगुती टेबलावर काय बनू शकतं, याची कल्पना करा.

युरोपने इथे डोकं वापरलं आहे. तिथे माणसांच्या जवळ उडवायच्या हलक्या वर्गांना सेकंदाला १९ मीटर ही मर्यादा आहे. घरी बनवलेला ड्रोन २५० ग्रॅमच्या आत असेल आणि १९ मीटरपेक्षा कमी वेगाचा असेल, तरच त्या मोकळ्या वर्गात बसतो. नाहीतर वस्तीपासून लांब जा. त्यामुळे डीजेआयसारख्या कंपनीचा तोच ड्रोन युरोपात गेला की फर्मवेअरच, म्हणजे ड्रोनमधलं सॉफ्टवेअरच, वेग रोखतं. आपल्याकडे ते कोण रोखणार? फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात. म्हणून आपण सगळे सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलो. त्यातून एक जबरदस्त पिढी तयार झाली, हे मी अभिमानाने सांगतो. पण आपल्या क्वाडवर कारखान्यातून आलेली मर्यादा नसते. मर्यादा घालणारे आपणच.

आणि म्हणून मला लग्नातले सिनेवूप, म्हणजे पात्यांभोवती कडी (डक्ट) असलेले शूटिंगचे छोटे ड्रोन, बघवत नाहीत. हळदीला मांडवात, वरातीत बेंजोच्या तालावर नाचणाऱ्यांच्या डोक्यावरून, करवल्यांच्या मधून. डक्ट आहेत म्हणून सुरक्षित, असं ठोकून सांगतात. डक्टमुळे पाती लागत नाहीत, वस्तुमान आणि वेग कुठे जातो? बीटाफ्लाइट या क्वाडच्या सॉफ्टवेअरमध्ये मोटरच्या जोराला आळा घालणारी थ्रॉटल लिमिट नावाची सोय आहे, एका मिनिटात ६० टक्क्यांवर आणता येतं. किती जण करतात? शिवाय पैसे घेऊन शूट करताय आणि ड्रोन २५० ग्रॅमच्या वर आहे, तर प्रमाणपत्र लागतंच, हेही सोयीस्करपणे विसरलं जातं.

आता रेडिओकडे, म्हणजे कंट्रोल आणि व्हिडिओच्या लहरींकडे, वळतो. इथे माझी तक्रार सरकारपेक्षा आपल्याच लोकांवर जास्त आहे, कारण इथले नियम बऱ्यापैकी उदार आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे, ट्रान्समीटरला एक वॅट आणि अँटेना धरून चार वॅटपर्यंत. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झसुद्धा त्याच वर्षी मोकळा झाला. व्हिडिओसाठी वापरतो तो ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ च्या अधिसूचनेने ५८७५ मेगाहर्ट्झपर्यंत मोकळा आहे, जरी तो नियम वायफायसारखी यंत्रणा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असला तरी. युरोपातल्या पोरांना ५.८ वर २५ मिलिवॅटमध्ये भागवावं लागतं. आपण इतके नशीबवान असून करतो काय?

पहिलं उदाहरण रेसबँडचं, म्हणजे रेसमध्ये वापरायच्या व्हिडिओ चॅनेलच्या संचाचं. आठ चॅनेल आहेत, ५६५८ पासून ५९१७ मेगाहर्ट्झपर्यंत. त्यातला सातवा ५८८० वर आणि आठवा ५९१७ वर. दोन्ही ५८७५ च्या बाहेर! तरी रेसच्या दिवशी "मला आर-एट दे, तिकडे गर्दी नसते" हे हमखास ऐकू येतं. गर्दी का नसते, याचा विचार नाही.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. लांब पल्ल्याच्या हौसेने लोक ९१५ मेगाहर्ट्झची ईएलआरएस (रिमोट आणि ड्रोनला जोडणारी कंट्रोलची रेडिओ प्रणाली) किट मागवतात. अमेरिकेत तो पट्टा मोकळा आहे, म्हणून तिथल्या व्हिडिओत तीच वापरतात. त्या सेटिंगमध्ये रेडिओ साधारण ९०३ ते ९२७ मेगाहर्ट्झमध्ये उड्या मारत राहतो. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा मोबाइलचा पट्टा आहे आणि तोही फोनकडून टॉवरकडे जाणारा. म्हणजे टॉवर जिथे खिशातल्या फोनचा क्षीण आवाज कान देऊन ऐकत असतो, नेमका तिथे आपण डोंगरमाथ्यावर उभं राहून वॅटभर ओरडतो. त्यात टेलीमेट्री, म्हणजे ड्रोनकडून परत येणारी माहिती, चालू असेल तर ड्रोनही हवेतून बोलतो, आणि तिथून टॉवरपर्यंत मध्ये एक झाडही आडवं येत नाही. खालच्या गावात कोणाचा फोन लागला नाही, तर त्याला कारण कधीच कळणार नाही. विकणाऱ्या दुकानांनाही हे माहीत असतं. रेडिओ उपकरणाला खरं तर सरकारची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची, मान्यता लागते. एफपीव्ही मॉड्यूलबरोबर ती दाखवणारं दुकान मला तरी विरळाच भेटलं.

आणि एवढी पॉवर हवी कशाला? पल्ला दुप्पट करायला पॉवर चौपट लागते. २५ मिलिवॅटवरून १०० वर गेलात की दुप्पट, ४०० वर गेलात की चौपट. त्यानंतर फक्त व्हीटीएक्स तापतो. चांगली अँटेना लावा, ती नीट उभी बसवा, फरक तिथे पडतो. २.४ ची ईएलआरएस १०० मिलिवॅटवर कित्येक किलोमीटर जाते. आणि मैदानात पाच जण उडवत असताना एकाने ८०० मिलिवॅट लावले की बाकीच्या चौघांच्या गॉगलमध्ये नुसत्या मुंग्या. ताशी शंभराने जाणाऱ्या क्वाडचं चित्र गेलं की पुढचं सगळं नशिबावर. वेग आणि रेडिओ हे दोन वेगळे विषय नाहीत, असं मी म्हणतो ते यासाठी.

सरकारकडे माझं एक मागणं आहे, तेही नजरेच्या टप्प्याचं. हौशी लोकांसाठी 'मॉडेल' ड्रोनची जी व्याख्या आहे, तिच्यात ड्रोन नजरेच्या टप्प्यात हवा असं लिहिलंय. गॉगल लावलेला माणूस ड्रोनकडे बघतच नसतो, तो ड्रोनमधून बघतो. मग आपण कायदेशीर की बेकायदेशीर? अमेरिका आणि युरोप दोघांनी यावर साधा तोडगा काढलाय. पायलटशेजारी एक जण उभा राहतो आणि ड्रोनवर डोळा ठेवतो. आपल्या व्याख्येत एका वाक्याने हा स्पॉटर आणता येईल. त्याच्याच शेजारी दुसरं वाक्य टाका, की माणसांजवळ उडवायचं असेल तर वेग सेकंदाला १९ मीटरच्या आत. वाटल्यास १५ ठेवा. मोकळ्या माळावर मात्र हवा तेवढा पळू द्या.

२०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री आकाशात ड्रोन दिसतात म्हणून गावंच्या गावं जागी राहिली होती. त्या दिवसांत दिवसाढवळ्या माळावर बॅग उघडली तरी लोक जमायचे, प्रश्न विचारायचे. त्यांची भीती खोटी नव्हती. अशा वेळी सरसकट बंदी घालणं पोलिसांना सगळ्यात सोपं असतं, सणासुदीला शहरांत तसे आदेश निघतातच. "साहेब, हा शेजारी उभा आहे तो स्पॉटर, वेग इतका, फ्रिक्वेन्सी ही" असं सांगता आलं तर समोरचा निदान ऐकून घेतो.

ज्यांच्याकडे ९१५ ची किट पडून आहेत त्यांनी ती फेकू नका. ईएलआरएस कॉन्फिगरेटरमध्ये भारतासाठी ८६६ चं डोमेन, म्हणजे फ्रिक्वेन्सीचं सेटिंग, आहे. बहुतेक मॉड्यूल ८६८ आणि ९१५ दोन्हीला चालणारी असतात, तेवढं आधी तपासा. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही त्याच डोमेनवर फ्लॅश करा, म्हणजे त्यांचं सॉफ्टवेअर नव्याने भरा, एकच केलंत तर ते एकमेकांशी बोलणार नाहीत. चॅनेल मोजकेच मिळतात, पण सह्याद्रीतल्या एका दरीला पुरून उरतात. अडलात तर मॉड्यूलचं नाव कमेंटमध्ये टाका, रात्री बसून उत्तर देतो.