हळदीचं पेटंट आणि पाकिटावरचं नाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. परदेशात ऑनलाइन माल विकायला घेण्याआधी त्या देशात ट्रेडमार्कचा अर्ज करा, या लेखावर तुम्ही सांगलीहून चांगलंच झोडपून लिहिलंत. तुमचे मुद्दे थोडक्यात असे. आपला ट्रेडमार्क भारतात नोंदलेला आहे, सांगलीच्या हळदीला 2018 पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, अमेरिकेतलं हळदीचं पेटंटही आपण रद्द करून दाखवलं; मग पाव किलोची पाकिटं कुरिअरने पाठवणाऱ्याला घाबरवायचं कशाला? दुसरं, फोटो चोरले तर परदेशात कोण दाद देतो? आणि तिसरं, हे सगळं वकिलांचं पोट भरण्यासाठी आहे.

पेटंटपासून सुरुवात करू, कारण गल्लत तिथेच होते. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं ते पेटंट 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं आणि सीएसआयआरने (आपली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आव्हान दिल्यावर 1997 मध्ये रद्द झालं. का झालं? पेटंटला नावीन्य लागतं. ती गोष्ट जगात कुठेही आधी छापून आली असेल, तर नावीन्य उरत नाही. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात भारतातली नुसती वापराची परंपरा धरली जात नव्हती, छापील पुरावाच लागे. म्हणून आजीच्या बटव्याचा हवाला न देता सीएसआयआरने 32 लेखी संदर्भ पुढे ठेवले. पण त्या निकालाने सांगलीच्या कुणा व्यापाऱ्याला अमेरिकेत काही हक्क मिळाला का? नाही. दुसऱ्याचा मक्ता मोडला, एवढंच.

ट्रेडमार्कचा न्याय वेगळा. तो ज्या देशात नोंदला त्या देशापुरता. मिरजेचा सातबारा दाखवून तासगावातली जमीन मागता येत नाही, तसंच हे. आणि हा नियम फक्त आपल्यालाच जाचतो असंही नाही. 2017 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रियस’ नावाच्या वादात टोयोटाविरुद्ध निकाल दिला. गाडी परदेशात गाजलेली होती, पण इथल्या कंपनीने 2001 च्या सुमारास नाव वापरायला घेतलं तेव्हा भारतात त्या नावाची पुरेशी ओळख होती, हे टोयोटाला सिद्ध करता आलं नाही. तुमच्या पाकिटावरच्या नावाला न्यू जर्सीत याहून वेगळा न्याय कसा मिळेल?

ऍमेझॉन बघून घेईल, हेही तुम्ही लिहिलंत. तिथेही ट्रेडमार्कची तक्रार करताना नक्कल ज्या देशाच्या साइटवर दिसते, तिथल्या नोंदणीचा आधार द्यावा लागतो. अमेरिकी साइटवरच्या नकलेविरुद्ध मुंबईच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीचा क्रमांक देऊन फारसं काही हलत नाही.

जीआयबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. जीआय कुणा एका दुकानाचा नसतो. तुम्हाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते. 2020 च्या दुरुस्तीने त्या अर्जाची फी 500 वरून 10 रुपयांवर आली, त्यामुळे खर्चाची सबब नाही. पण हाही हक्क भारतातलाच. अमेरिकेत जीआयसाठी वेगळा कायदाच नाही. तिथे प्रमाणन चिन्ह (माल ठरावीक ठिकाणचा किंवा दर्जाचा असल्याची खूण) म्हणून नोंद करावी लागते, दार्जिलिंग चहाने ती केली आहे. शिवाय ट्रिप्स या जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात वाइन आणि मद्याला जास्तीचं संरक्षण आहे. हळद, बेदाणा किंवा मिरजेची सतार (तिला 2024 मध्ये जीआय मिळाला) यांच्या बाबतीत ग्राहकाची दिशाभूल झाली हे आधी सिद्ध करावं लागतं. करारातला हा दुजाभाव मला आजही पटत नाही, पण आहे तो असा आहे. आणि ‘सांगली हळद’ हेच ब्रँडचं नाव म्हणून नोंदवायला गेलात तर भारतातच नकार येईल. गावाचं नाव आणि मालाचं नाव जोडून ट्रेडमार्क होत नाही.

मग करायचं काय? इथला अर्ज दाखल झाल्या दिवसापासून सहा महिने मोजा. पेटंट-ट्रेडमार्कविषयीच्या पॅरिस करारामुळे (हवामानाचा तो वेगळा) या मुदतीत परदेशात केलेल्या अर्जाला इथलीच तारीख मिळते. मधल्या काळात दुसऱ्या कुणी तिथे अर्ज टाकला असला तरी तुमचा आधीचा धरला जातो. मुदत गेली तरी अर्ज करता येतो, पण ती तारीख हातची जाते, आणि चीनसारख्या ‘आधी अर्ज त्याचं नाव’ या देशात तेवढ्यावर सगळं फिरतं. वर्गही नीट बघा, कारण नोंदणी मालाच्या प्रकारानुसार ठरलेल्या वर्गात होते. हळद पावडर वर्ग 30 मध्ये, हळदीच्या कॅप्सूल वर्ग 5 मध्ये, उटणं वर्ग 3 मध्ये, बेदाणा वर्ग 29 मध्ये, तंबोरा वर्ग 15 मध्ये. पावडरीची नोंद घेऊन कॅप्सूल विकायला काढल्या की भोक पडलंच. आणखी एक: गोलातला ‘आर’ ज्या देशात नोंदणी झाली तिथेच छापा, बाकी ठिकाणी ‘टीएम’. नोंदणी नसताना ‘आर’ छापलं तर आपल्याकडे ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 107 खाली दंड बसतो.

आता फोटो. इथे मात्र तुमचा अंदाज उलटा आहे, कारण लहान विक्रेत्याकडचं सगळ्यात स्वस्त हत्यार हेच. कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारामुळे कॉपीराइट नोंदणीशिवाय सभासद देशांत आपोआप चालतो. अमेरिकी साइटवर तुमचा फोटो दिसला तर डीएमसीए या अमेरिकी डिजिटल कॉपीराइट कायद्याखाली त्या साइटला नोटीस टाका. त्यात मूळ फोटोचा दुवा, चोरलेल्या लिस्टिंगचा दुवा, तुमचा पत्ता, सद्भावनेचं विधान आणि सही. फी नाही, वकील नाही. अडतं ते पुढे. समोरच्याने प्रतिनोटीस दिली, तर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कोर्टात गेल्याचं कळवावं लागतं, नाहीतर फोटो परत चढतो. बहुतेक चोर प्रतिनोटीस देत नाहीत, कारण त्यात खोटं बोलल्यास शपथभंगाची जबाबदारी येते आणि अमेरिकी कोर्टाचा अधिकार मान्य करावा लागतो. फोटो पैसे देऊन काढून घेतला असेल तर वेगळा करार नसल्यास आपल्या कायद्याने पहिला मालक तुम्हीच, पण पावती आणि मूळ फाइल जपा. फोटोग्राफरने फुकट काढून दिला असेल तर आधी लेखी हस्तांतर घ्या. मात्र डीएमसीए फक्त कॉपीराइटसाठी. ब्रँडचं नाव चोरल्याची तक्रार त्या फॉर्मवर केली तर ती परत येते, आणि लोक नेमकं तेच करतात.

खरं घाबरायचं असेल तर उलट्या बाजूने घाबरा. शिकागोच्या फेडरल कोर्टात ब्रँडमालक एकाच दाव्यात शेकडो ऑनलाइन विक्रेत्यांना खेचतात. नावांची यादी सुरुवातीला सीलबंद असते आणि नोटीस हातात पडण्याआधीच खात्यातली शिल्लक गोठते. बजावणी झाल्यापासून साधारण 21 दिवसांत उत्तर गेलं नाही की एकतर्फी निकाल. बनावट मार्कासाठी तिथली वैधानिक भरपाई 1,000 डॉलरपासून सुरू होते आणि हेतुपुरस्सर असेल तर प्रत्येक मार्कामागे 20 लाख डॉलरपर्यंत जाऊ शकते. घाऊक बाजारातून आणलेल्या कव्हरवर कार्टूनचं चित्र आहे, एवढ्यावरही हे होतं. पाठवण्याआधी मालावरचं चित्र आणि लोगो कुणाचा आहे ते बघा, आणि प्लॅटफॉर्मवर पैसे साचू देऊ नका.

राहिला खर्च, आणि तुमची यावरची तक्रार रास्त आहे. भारतात व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये. अमेरिकेत सरळ अर्ज 350 डॉलर वर्गाला, आणि 2019 पासून परदेशी अर्जदाराला तिथला वकील सक्तीचा. खरा खड्डा तिथे पडतो. युरोपियन युनियनचा एक अर्ज 850 युरोला 27 देश देतो, ब्रिटन आता वेगळं. माद्रिद या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या पद्धतीने मुंबईच्या रजिस्ट्रीमार्फत एकाच अर्जात अनेक देश मिळतात. मूळ फी 653 स्विस फ्रँक, देशांची फी वेगळी. मात्र पहिल्या पाच वर्षांत भारतातली मूळ नोंद पडली तर तिच्या आधाराने मिळालेलं सगळं पडतं. इथल्या अर्जाला कुणी हरकत घेतली असेल तर आधी ती निस्तरा, मग माद्रिद.

वर्षाला चार-सहा पार्सलं पाठवणाऱ्याने यातलं काही करू नये, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. त्याने फोटो जपावेत, जीआयची 10 रुपयांची नोंद करावी आणि गप्प बसावं. पण एकाच देशातून महिन्याला नियमित ऑर्डर यायला लागली की त्या एका देशाचा, एका वर्गाचा अर्ज टाका. पाच देशांचा एकदम नको.