फोन पाच मीटर चुकतो, म्हणून भारत जागेवरच आहे?

गेल्या आठवड्यात तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मजकूर आला. थोडक्यात असा: फोनचा जीपीएस पाच मीटर चुकतो, मग भारत वर्षाला पाच सेंटिमीटर सरकतो हे त्याच जीपीएसने कसं मोजलं? उपग्रह तर स्वतःच फिरतात. भारत खरंच सरकत असता तर स्वातंत्र्यापासून चार मीटर हलला असता, सगळे सातबारे, नकाशे चुकले असते. आणि एवढं कळतं तर भूकंप आधी का सांगत नाहीत? खाली ‘विचार करा आणि पुढे पाठवा’. त्यातलं पहिलं मी केलं.

फोन चुकतो, हे खरंच आहे. तो उपग्रहाच्या संदेशातला सांकेतिक कोड वाचतो आणि त्या कोडचा एकेक तुकडा जवळजवळ ३०० मीटर लांबीचा असतो. त्यातून पाच मीटरपर्यंत पोचणं हीच कमाल म्हणायची. भूगर्भशास्त्रज्ञांचा रिसीव्हर मात्र कोडवर थांबत नाही, तो कोड वाहून आणणारी रेडिओलहरच मोजतो. ती लहर १९ सेंटिमीटरची. तिच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येतं, म्हणजे दोन मिलिमीटर. अवघड काम वेगळंच आहे. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर, तेव्हा मध्ये पूर्ण लहरी नेमक्या किती बसल्या? त्यासाठी अनेक उपग्रह तासन्‌तास पाहावे लागतात. वातावरणाच्या वरच्या थरात संदेश रेंगाळतो, तो फरक दोन वेगळ्या वारंवारता वापरून काढून टाकतात. अँटेना खडकात रोवलेल्या खांबावर बसवलेली असते आणि ती वर्षानुवर्षं हलवत नाहीत. एका दिवसाच्या मोजणीत काही मिलिमीटर इकडेतिकडे होतात, पण सरकणं दरवर्षी साठत जातं. दहा वर्षांत अर्धा मीटर झाल्यावर त्या चार मिलिमीटरचं काय घेऊन बसायचं?

हे सगळं लांबचं वाटत असेल तर गावात रोव्हर घेऊन मोजणीला आलेल्या भूकरमापकाला विचारा. त्याचं यंत्र याच लहरी वापरून, जवळच्या स्थिर केंद्राशी ताडून, मिनिटाभरात दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत बांध दाखवतं.

उपग्रह फिरतात, हा मुद्दा एका वाक्याचा: ते कुठे आहेत हे जगभरची जमिनीवरची केंद्रं सतत मोजत असतात.

सातबाऱ्याची गंमत अशी की चार मीटरचा आकडा बरोबर आहे. पण तुमचा बांध, शेजाऱ्याची विहीर आणि तालुक्याची कचेरी एकाच प्लेटवर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या एकाच सरकत्या तुकड्यावर आहेत. चालत्या एसटीत शेजारच्या सीटचं अंतर वाढतं का? बंगळुरू आणि हैदराबाद इथली जीपीएस केंद्रं अनुक्रमे १९९० च्या दशकापासून व २००० च्या आसपासपासून चालू आहेत. दोन्ही ईशान्येकडे वर्षाला पाच सेंटिमीटरहून थोडी जास्त सरकतात, आपसातलं अंतर मात्र जवळपास तेवढंच राहतं. अडचण येते ती नकाशा जमिनीला आणि जीपीएस साऱ्या पृथ्वीला बांधलेला असतो तेव्हा. ऑस्ट्रेलिया वर्षाला सात सेंटिमीटर सरकते. १९९४ ची निर्देशांक-पद्धत मागे पडत गेली, तेव्हा त्यांनी २०२० साठीची नवी आणली आणि देशभरचे अक्षांश-रेखांश सुमारे १.८ मीटरने बदलले. म्हणजे ‘नकाशे चुकले असते’ हे मेसेजकर्त्याचं म्हणणं योग्यच, फक्त ते खरोखर चुकले आणि दुरुस्तही झाले, याची त्याला खबर नाही.

राहिला भूकंप. बंगळुरू उत्तरेकडे वर्षाला तीन सेंटिमीटरहून जास्त जातं, हिमालयापलीकडचं तिबेटातलं ल्हासा त्याच्या साधारण निम्मंच. मधले जवळपास दोन सेंटिमीटर हिमालयात दाबले जातात. खाली शिरणारी भारताची प्लेट वरच्या खडकाशी अडकलेली असल्याने तो ताण साठत राहतो. साठा किती ते जीपीएस सांगतं, बांध कधी फुटेल ते नाही. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये तो फुटला आणि काठमांडू काही सेकंदांत दीड-दोन मीटर दक्षिणेला, मीटरभर वर गेलं. त्या भागातल्या केंद्रांनी हेही नोंदवलं. तारीख मात्र त्यांच्याकडेही नव्हती.