पऱ्हाट्यांचा जाळ

आमच्या घराण्यात दम धरणं कुणालाच जमलेलं नाही. पंगतीत वाढपी पोहोचायच्या आत पानातलं मीठ-लिंबू संपवणारी माणसं आम्ही. अशा घरातल्या ४७ वर्षांच्या, पोटाने सुखवस्तू माणसाला ट्रायथलॉनचा नाद लागला, तो पुण्यातल्या भाच्यामुळे. दिवाळीला जळगावला आला, माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाला, “मामा, पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. एवढंच.” त्या ‘एवढंच’वर मी फसलो.

सुरुवात स्प्रिंटने केली. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. हे मला मानवलं. भुसावळ स्टेशनवर गाडी हललेली दिसली की आपण बॅग सांभाळत जिना उतरतो, तसं सगळं उरकायचं. छाती फुटायला येते, पण फुटायच्या आत शर्यत संपते. मग ऑलिंपिक अंतर झालं: १.५, ४० आणि १०. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये हेच अंतर पहिल्यांदा आलं. तेही मी शेवटचे तीन किलोमीटर देवाचं नाव घेत का होईना, ढकललं. त्यामुळे हाफ, म्हणजे फुल ट्रायथलॉनच्या निम्मी शर्यत, ही याच्याच दुप्पट, असा माझा समज झाला. १.९ पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं.

भाच्याने फोनवर तासभर डोकं फोडलं. माणूस एक तासभर जास्तीत जास्त जेवढा जोर टिकवू शकतो, तो १०० टक्के धरायचा. स्प्रिंटला सायकलवर जवळपास तेवढा चालतो, ऑलिंपिकला नव्वदीच्या आसपास. हाफला ऐंशीच्या पुढेमागे थांबायचं, आणि फुलला, म्हणजे ३.८, १८० आणि ४२.२ च्या त्या खुळात, सत्तरच्या आसपास. मी म्हटलं, अरे, स्प्रिंटपासून फुलपर्यंत अंतर जवळजवळ नऊपट वाढतं आणि जोर फक्त तीस टक्के कमी? यात अवघड काय? “तेच अवघड आहे मामा. पहिल्या तासात ऐंशी टक्के म्हणजे तुम्हाला अपमान वाटेल.”

पुढचं त्याने मला कळेल अशा भाषेत सांगितलं. शरीरात साठवलेली साखर म्हणजे पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळक्या काड्या. भपकन पेटतात, जाळ झकास, पण भारा छोटा. जोरात जाळला तर दीड-दोन तासांत राख. चरबी म्हणजे बाभळीचं ओंडकं. माझ्याकडे त्याची वखार आहे, पण ते हळूहळूच जळतं. भरीत करायचं तर पऱ्हाट्या ठीक. रात्रभर शेकोटी राखायची तर ओंडक्याला पर्याय नाही. हे मला पटलं. पटणं आणि जमणं यांत आमच्याकडे बरंच अंतर असतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघांनी घरगुती हाफ ठरवला. चौथा मित्र केळीचा बागायतदार. त्याने भाग घेणार नाही, पण स्कूटरवरून केळी पुरवीन, असं आधीच जाहीर केलं. आमच्यातला शहाणा तोच.

पोहण्याच्या तलावात २५ मीटरच्या ७६ फेऱ्या. चाळिसावी की बेचाळिसावी अशी शंका आल्यावर मी बेचाळीस धरली.

सायकलवर मात्र मी राजा होतो. पाळधी कधी गेलं कळलं नाही. मनगटावरचं घड्याळ टीं-टीं करत होतं. भाच्याने त्यात हृदयाच्या ठोक्यांची मर्यादा बसवली होती. ते बंद केलं. उसाचा ट्रॅक्टर मागे टाकला. वारा पाठीवर आहे हे लक्षात आलं नाही. पाठीवरचा वारा कुणालाच कळत नाही, त्याचं श्रेय आपण आपल्या मांड्यांना देतो. वेग दहा टक्के वाढवायचा तर हवा कापायला जवळपास ३३ टक्के जास्त ताकद लागते, हेही भाचा बोलला होता. एरंडोलला चहाच्या टपरीवरून एकाने विचारलं, “भाऊ, मांगे कोन लागनं?” मला ते कौतुक वाटलं.

दर तासाला ६० ग्रॅम तरी कर्बोदकं, म्हणजे दोन-अडीच केळी, असा हुकूम होता. पण थांबणार कोण? पारोळ्याच्या अलीकडे, ४५ किलोमीटरवर वळताना भुकेने डोळे पांढरे झाले तेव्हा मी बागायतदाराकडून एकदम पाच केळी घेतली. ती पोटात गेली आणि पंचायतीला बसावी तशी तिथेच बसली. पचवायला रक्त हवं, ते सगळं मांड्यांत. वळल्यावर तो वारा समोर आला.

१९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली फुल शर्यत झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. त्यात पळण्यात पुढे असलेल्या एकाच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. तो तरीही दुसरा आला. एरंडोलपासून घरापर्यंत मी त्या माणसाचाच विचार करत होतो. निदान त्याला बिअर मिळाली.

मेहरूण तलावावर पळायला उतरलो तेव्हा उन्हं चढली होती आणि पाय माझे नव्हते. पहिले पाच किलोमीटर ज्याला पळणं म्हणता येईल असं काहीतरी केलं. सहाव्यापासून चाललो. दोघे साथीदार, जे सायकलवर माझ्या बरेच मागे होते, ते गप्पा मारत पुढे निघून गेले. गप्पा मारत!

बागायतदार स्कूटरवरून सोबत करत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “इतक्या हळू गाडी चालत नाही रे, तोल जातो.” त्याने स्कूटर झाडाखाली लावली आणि चपला फटफटवत माझ्या बाजूने चालू लागला. तेवढ्यात त्याला फोन आला. व्यापारी केळीचा भाव पाडत होता. बोलण्याच्या नादात तो हळूहळू पुढे गेला, वळणापाशी पोहोचला, मागे वळून पाहिलं, आणि फोन कानाला तसाच धरून मी येईपर्यंत थांबला.