एडिट लॉगला काऊन भेता, भाऊ?

शेतकरी उत्पादक कंपनी काढा म्हणून सांगायला जे साहेब गावात आले होते, त्यांनी अनुदानाचे सांगितले, गोदामाचे सांगितले, अवजार बँकेचेही सांगितले. कंपनी म्हटली की मागून कंपनी कायदा येतो, हे तेवढे सांगायचे राहून गेले. आता तो आलाच आहे. २०१४ च्या कंपनी लेखा नियमांत सरकारने मार्च २०२१ मध्ये एक परंतुक जोडले. हिशेबाच्या सॉफ्टवेअरात प्रत्येक व्यवहाराचा माग, म्हणजेच एडिट लॉग, राहिला पाहिजे, कोणताही बदल केला की तो तारखेसकट नोंदला गेला पाहिजे, आणि ही सोय कोणाला बंद करता येता कामा नये. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली, म्हणून आपण तिसऱ्यांदाची वाट पाहत बसलो. १ एप्रिल २०२३ ला ती खरेच सुरू झाली.

शेजारच्या सेवा सहकारी सोसायटीचा सचिव तुम्हाला हसत असेल, कारण तो सहकार कायद्यात, त्याला हा नियम नाही. हसू द्या. तुम्ही संचालक आहात, तुम्ही चिंता करू नका. लॉग बंद करता येत नाही हे खरे, पण तो वाचलाच पाहिजे असे तुमच्यावर कोणीही बंधन घातलेले नाही.

सुरुवात लॉगिनपासून करा. बदल कोणी केला, कधी केला, कोणत्या व्हाउचरमध्ये केला, आधी काय होते आणि आता काय आहे, एवढे सगळे लॉग लिहून ठेवतो. यातला पहिला प्रश्न तेवढा मोडून काढला की बाकीचे आपोआप लुळे पडतात. म्हणून मॅनेजर, काट्यावरचा पोरगा, अध्यक्षांचा पुतण्या आणि महिन्यातून एकदा येणारा जीएसटीवाला, या सगळ्यांनी ‘ॲडमिन’ याच नावाने काम करावे. पासवर्ड कंपनीचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवावा, म्हणजे नवीन माणसाची अडचण होत नाही. मग खुशाल कोणीही वापरकर्त्याच्या नावाने फिल्टर लावो. यादीत एकच नाव, आणि त्या नावाखाली अख्खी कंपनी.

वेगवेगळी लॉगिन पाहिजेच असा कोणी हट्ट धरला, तर काढून द्या. सकाळी पहिला येईल त्याने आपले उघडावे आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी त्यावरच हात साफ करावा. गेल्या हंगामात पुण्याला नोकरीवर गेलेल्या पोराचे लॉगिन तर चुकूनही बंद करू नका. तो तिकडे चाकणला पाळी करून राहिला आणि इकडे त्याच्या नावावर सोयाबीन इमानेइतबारे मोजले जात आहे.

आता ओलाव्याचे. सोयाबीनला १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की कपात लागते, हे तुम्ही सभासदाला रोज ऐकवता. अध्यक्षांच्या साळ्याचा माल १४.२ निघाला आणि नंतर तो ११.८ झाला, तर लॉगात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी बसतात. बसू द्या. कारणाच्या रकान्यात ‘दुरुस्ती’ लिहा. दुरुस्ती या शब्दावर आजवर कोणी आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही. फार कंटाळा आला तर नुसते टिंब द्या, तेही चालते.

वेळेची काळजी नको. जे सॉफ्टवेअर संगणकाचेच घड्याळ पाहते, तिथे आपले महावितरण मदतीला आहे. मदरबोर्डवरचा बटन सेल मेलेला असला की लाइट गेल्यावर तारीख थेट कैक वर्षे मागे जाते, आणि गेल्या मंगळवारची खरेदी कंपनीच्या नोंदणीच्याही आधीची होऊन बसते. सॉफ्टवेअर ऑनलाइन असेल, तर बरेचदा लॉग जागतिक वेळेत साठतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री अडीचला केलेला बदल आदल्या रात्रीचा नऊचा दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, स्टाफ किती उशिरापर्यंत राबतो!

ऑडिटरला मात्र लॉग दाखवावा लागतो. वर्षभर तो सुरू होता का, त्यात छेडछाड झाली का, तो जपून ठेवला का, हे त्याला अहवालात लिहायचे असते. त्याला नाही म्हणू नका, उलट भरभरून द्या. १ एप्रिल ते ३१ मार्च, सर्व वापरकर्ते, सर्व प्रकार, एकही फिल्टर न लावता, आणि एक्सेलमध्ये नाही, छापून. गठ्ठा टेबलावर ठेवा आणि पाटवडी-रस्सा मागवा. ‘फक्त बदललेल्या नोंदी, फक्त मंजुरीनंतरच्या, फक्त दर आणि ओलाव्याचे रकाने’ असे चाळून घेतले तर तोच गठ्ठा पानभर होतो, ही गोष्ट जेवताना काढू नये.

हिशेब आठ वर्षे जपायचे असतात. बॅकअप पेनड्राइव्हवर आहे आणि पेनड्राइव्ह डीजेवाल्याकडे आहे, एवढे सांगितले की बहुतेक लोक थांबतात.

आपल्या माणसाला लॉग वाचता येत नाही, असे मात्र समजू नका. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत दुसरे काय असते? कोणाचे नाव गेले, कोणाचे चढले, कशाच्या आधारे, कोणत्या तारखेला. वडिलांच्या वारसात एका भावाचे नाव सुटले तर पंधरा दिवसांची नोटीस संपायच्या आत तो हरकत घेऊन उभा राहतो, आणि दोन गुंठ्यांसाठी नागपूरच्या खंडपीठापर्यंत जातो. हाच माणूस सभासद म्हणून आमसभेला येतो, चहा घेतो, ताळेबंदावर हात वर करतो आणि बस पकडतो. त्याला हा संबंध लागू देऊ नका, बाकी सगळे सांभाळता येईल.

खरा धोका वेगळाच आहे. तुम्ही यंदा तालुक्याच्या कॉलेजातली बी.कॉम. झालेली एक पोरगी डेटा एन्ट्रीला घेतली. तिने आल्या-आल्या स्वतःचे लॉगिन मागितले. परवा ती फिल्टर लावून बसली होती. अकरा ओळी निघाल्या. तिने मॅनेजरला अगदी साधेपणाने विचारले, ‘सर, आपल्या गोदामातलं सोयाबीन रात्रीच काऊन वाळते?’

तिला बारदान्याच्या खोलीवर बदलून टाका. जायच्या आधी तिथली नोंदवही कागदीच आहे ना, तेवढे पाहून घ्या.