एप्रिलमध्येही नदी वाहती कशी ठेवावी

दख्खनच्या बेसॉल्टमधल्या लहान नद्या उन्हाळ्याआधीच आटतात. भूजलाच्या संगणकी मॉडेलमध्ये तसं होऊ देण्याचं काही कारण नाही. मॉडफ्लो या भूजलप्रवाहाच्या संगणकप्रणालीतलं नदीसाठीचं साधं रिव्हर पॅकेज घ्या. नदीत पाणी आहे की नाही, असले आगाऊ प्रश्न ते विचारत नाही. तुम्ही दिलेली नदीची पातळी प्रमाण मानून ते जलधराला (भूजल धरणाऱ्या खडकाच्या थराला) पाणी पुरवत राहतं.

हिशोब सोपा आहे. सेल (मॉडेलच्या जाळीतला एक चौकोन) 500 मीटरचा, पात्र 20 मीटर रुंद, तळाचा गाळ 1 मीटर जाड, त्याची पारगम्यता, म्हणजे पाणी झिरपू देण्याची क्षमता, दिवसाला 0.1 मीटर (कुणी मोजली विचारू नये). म्हणजे वाहकता (पातळीतल्या दर मीटर फरकाला रोज किती पाणी गळेल ते) दिवसाला 1000 चौरस मीटर. पात्रात अर्धा मीटर पाणी धरा. भूजल गाळाच्या खाली गेलं की पातळीतला फरक (अर्धा मीटर पाणी अधिक एक मीटर गाळ) दीड मीटरवर गोठतो आणि प्रत्येक सेल रोज 1500 घनमीटर गळू लागतो. 30 किलोमीटर नदीचे 60 सेल: रोज 9 कोटी लिटर. तेही एप्रिलमध्ये, जेव्हा त्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत असतात.

नदीची पातळी उपग्रहाच्या उंचीनकाशावरून उचला. त्यातली चूक काही मीटरची, नदी आणि विहिरीतला फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा. पाणी कुठून कुठे जातं हे मग नशीब ठरवेल. लेव्हल मशीन घेऊन उन्हात उभं राहणं तरी वाचेल. पातळी वर्षभर एकच ठेवा. पावसाळा सरल्यावर कोल्हापुरी बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पडतात, फुगवटा चढतो आणि काठच्या विहिरींचं पाणी ओढणारी नदी उलट त्यांनाच पाणी देऊ लागते, हे मनावर घेऊ नका.

कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेल मोजमापांशी जुळवणं, फक्त विहिरींच्या पातळ्यांवर करा. पुनर्भरण, उपसा, खडकाची पारगम्यता, नदीतळाची वाहकता, सगळं एकदम दुप्पट करा. स्थिर अवस्थेत (काळानुसार काहीच बदलत नाही असं धरल्यावर) पातळ्या सूतभरही हलत नाहीत. आलेख देखणाच राहतो. दुप्पट होतो तो नदीतला प्रवाह, म्हणून तो मोजलेला नसणंच बरं. पाण्याच्या ताळेबंदाचा तक्ता शेवटच्या परिशिष्टात टाका.

कुणी खवचटपणे स्ट्रीमफ्लो राउटिंग पॅकेज सुचवेल. ते वरून खालपर्यंत प्रवाहाचा हिशोब ठेवतं आणि पाणी संपलं की गळतीही थांबवतं. टाळा. त्याला वरच्या टोकाचा प्रवाह आकड्यात द्यावा लागतो, आणि त्यासाठी नदीवर जावं लागतं.